समजतं, पण बोलता येत नाही

‘सगळं समजतं हो, पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही.’ इंग्रजीबद्दलची ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकली आहे की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं वाक्य मला पाठ असतं. तक्रार करणारी माणसं अडाणी नसतात. कुणी बी.कॉम. झालेला असतो, कुणी डिप्लोमा करून चाकणच्या कारखान्यात लागलेला असतो, कुणी बाई वर्षानुवर्षं बँकेच्या काउंटरवर बसून इंग्रजी फॉर्म डोळे झाकून भरत असतात. इंग्रजी बातमी वाचतात, सिनेमाही बराचसा कळतो. आणि साहेबांनी इंग्रजीत ‘काल काय झालं?’ एवढं विचारलं की घाम फुटतो. यावर आपल्याकडे सल्ले ठरलेले आहेत: व्याकरण पक्कं करा, शब्दसंग्रह वाढवा, आत्मविश्वास ठेवा. हे पुस्तक मला आवडलं त्याचं पहिलं कारण म्हणजे यातला एकही सल्ला लेखिकेने दिलेला नाही. रोज थोडं बोला, स्वतःच्या दिवसाबद्दल बोला, आणि तेच पुन्हा बोला, इतकंच ती सांगते. ऐकायला हे फारच साधं वाटतं. ते साधं का नाही, आणि तरीही खरं का आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

मुळात ती तक्रार खरी आहे, हे आधी मान्य करायला हवं. ‘समजतं पण बोलता येत नाही’ हा आळशी माणसाचा बहाणा नाही. समजण्याची सवय आणि बोलण्याची सवय या दोन निराळ्या आहेत, आणि एक आली म्हणून दुसरी मागोमाग येत नाही. याचा मोठा दाखला कॅनडात सापडतो. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या गावात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवाडीपासूनच फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. गणित फ्रेंचमध्ये, चित्रकला फ्रेंचमध्ये, बाईंचं रागावणंही फ्रेंचमध्ये. प्रयोग गाजला आणि कॅनडाभर पसरला. पुढे मेरिल स्वेन या संशोधिकेने अशा वर्गांतली मुलं तपासली तेव्हा दिसलं ते असं, की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकलेल्या या मुलांना ती भाषा जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी समजत होती. बोलताना आणि लिहिताना मात्र ती स्पष्ट मागे पडत होती. १९८५ साली स्वेन यांनी कारण मांडलं: मुलं दिवसभर ऐकतात, पण बोलतात एकदोन शब्दच. वाक्य स्वतः जुळवून समोरच्याला कळेल असं म्हणून दाखवण्याची पाळी त्यांच्यावर फारशी येतच नाही. ज्या कामाचा सराव नाही ते काम येत नाही, इतका हा निष्कर्ष सरळ आहे. पण तो काढायला वीस वर्षं लागली.

आपल्या वर्गांत तर ऐकणंही नव्हतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कैक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पुस्तकं चोख होती. वाक्य मोडायचं कसं आणि जोडायचं कसं हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी शिकवलं नसेल. पण ती लेखणीची विद्या होती. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ते पहिलीपासून आलं. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मराठी बुडणार असं एक बाजू म्हणत होती, खेड्यातली पोरं तरणार असं दुसरी. मराठी काही त्यामुळे बुडाली नाही. पण वर्षं वाढली म्हणून मुलं बोलायला लागली असंही झालं नाही. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली निम्मी मिनिटं फळ्यावरून उतरवून घेण्यात. एका मुलाच्या वाट्याला बोलण्याचं अर्धं मिनिट तरी येतं का, याचा हिशेब कुणीही करावा. तोंडी परीक्षेचे गुण असतात म्हणा. ते कसे पडतात हे शिक्षकांनाही ठाऊक आहे आणि पालकांनाही.

बोलणं असं मागे राहिलं यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात काम करत होता. बंगाली मुलाला इंग्रजी कशासाठी लागतं, याचा त्याने नीट विचार केला आणि १९२६ च्या आपल्या अहवालात म्हटलं की या मुलाची पहिली गरज वाचता येण्याची आहे. पुस्तकातलं ज्ञान त्याला त्याच वाटेने मिळेल. त्या काळापुरतं ते बरोबरच होतं. खेड्यातून येऊन कारकून किंवा वकील होणाऱ्या मुलाला साहेबाशी गप्पा मारायच्या नव्हत्या, कागद वाचायचे होते. आज पहिल्याच मुलाखतीत समोरचा फोनवर असतो आणि कागदाचं नावही निघत नाही. गरज बदलली, शिकवणं वेस्टच्या काळात राहिलं.

याच वेस्टने १९५३ साली इंग्रजीतल्या सगळ्यांत उपयोगी शब्दांची एक यादी छापली. ती साधारण दोन हजार शब्दांची आहे. बारावी झालेल्या मराठी मुलासमोर ती यादी ठेवली तर त्यातले फार थोडे शब्द त्याला अनोळखी निघतील. म्हणजे रोजच्या बोलण्याला लागणारा माल घरात आहे. शब्द कमी पडतात म्हणून बोलता येत नाही, हा समज मनातून काढून टाकावा. दर आठवड्याला पन्नास नवे शब्द वहीत लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या वह्या फार सुरेख असतात.

मग अडतं कुठे? वेळेत अडतं. बोलताना विचार करायला सेकंदही मिळत नाही. आपण मराठीत वाक्य मनात तयार करतो, मग त्याचं इंग्रजी करतो, मग ते बरोबर आहे का ते तपासतो; तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. त्यात मराठीचं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि इंग्रजीचं कर्त्याच्या पाठीला लागून येतं. त्यामुळे मनातलं मराठी वाक्य पूर्ण होईपर्यंत इंग्रजी वाक्याचा दुसरा शब्दसुद्धा हाती येत नाही. भाषांतर करून अस्खलित बोलणं दुभाष्यांना जमतं, त्यांचा तो पेशा आहे. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

अस्खलित बोलणारा माणूस शब्दाला शब्द जोडत बसत नाही. पॉली आणि सायडर या दोन भाषाभ्यासकांनी १९८३ साली दाखवून दिलं की सहज बोलणाऱ्याच्या डोक्यात हजारो तयार तुकडे असतात. तो ते उचलतो आणि मधल्या एकदोन जागा भरतो. मराठीत आपण हेच करतो. ‘बरं झालं आठवण केलीत’, ‘त्याचं काय आहे ना’, ‘बघू, जमलं तर’ यांतलं एकही वाक्य आपण जुळवत नाही, ती अख्खीच्या अख्खी जिभेवर येतात. इंग्रजीतही ‘आय वॉज अबाउट टु कॉल यू’ किंवा ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टु यू’ हे एकेक तुकडेच आहेत. ते नियम लावून बनवायचे म्हटले तर दमछाक होते. दहा ठिकाणी वापरले की आपले होतात. हे पुस्तक याद्या देत नाही, तुकडे देते, आणि तेही बँक, दवाखाना, कुरिअर, भाड्याचं घर, मुलाची शाळा अशा ठिकाणचे, जिथे वाचणाऱ्याला ते याच आठवड्यात लागणार आहेत.

रोजच्या वापराने काय होतं हे पाहायचं तर अजिंठ्याला जावं. लेण्यांच्या पायथ्याशी स्फटिक आणि रंगीत दगड विकणारी मंडळी परदेशी पाहुण्याशी इंग्रजीत असा काही भाव करतात, की आपल्यासारखा पदवीधर बाजूला उभा राहून ऐकत राहतो. कुलाब्याच्या पदपथावरचे विक्रेतेही तसेच. शाळेत त्यांना इंग्रजीत किती गुण होते हे विचारण्यात अर्थ नाही. त्यांना गिऱ्हाईक होतं, गरज होती, आणि तोच संवाद दिवसातून कितीतरी वेळा करायची सोय होती. मात्र या उदाहरणाने कुणी फार भारावूनही जाऊ नये. त्याच विक्रेत्याला घरमालकाशी करारावर वाद घालायला सांगा, किंवा डॉक्टरला दुखणं समजावायला सांगा, तो आपल्याइतकाच अडखळेल. सराव ज्या विषयाचा, सहजता त्या विषयात. ही मर्यादा आहे, आणि नीट पाहिलं तर सोयही आहे. कारण आपल्यालाही सगळं इंग्रजी नको असतं. आपल्या नोकरीचं, घराचं, गावाचं बोलता आलं की नव्वद टक्के काम भागतं.

‘पुन्हा बोला’ या सल्ल्याचा अर्थ मला एका विद्यार्थिनीमुळे नीट उमगला. निफाड तालुक्यातली मुलगी, वडील कांदा लावतात. वर्गात तिला मी लासलगावच्या लिलावाबद्दल इंग्रजीत चार मिनिटं बोलायला सांगितलं. पद्धत माझी नव्हे. एकच गोष्ट पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची, अशी ती कसरत आहे. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी १९८९ साली तिचा अभ्यास करून दाखवलं की वेग वाढतो, अडखळणं कमी होतं आणि काही चुकाही आपोआप गळतात. मुलगी उभी राहिली. ट्रॅक्टर रांगेत लागतात इथवर बरी आली, व्यापारी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे जातात आणि बोली पुकारली जाते हेही जमलं, आणि मग ‘खळं’ या शब्दाशी ती थबकली. खळ्याला इंग्रजीत काय म्हणतात? माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, सॉरी म्हणाली. चार मिनिटं संपली तेव्हा कांदा ट्रॉलीतच होता. दुसऱ्या मैत्रिणीला सांगताना ती त्या जागी किंचित थांबली आणि म्हणाली, ‘देन वी टेक इट टु द ट्रेडर्स यार्ड.’ शब्द मी दिला नव्हता, शब्दकोशही उघडला नव्हता. तिसऱ्या खेपेला ती तिथे थांबलीच नाही. उलट तिला आता राग आला होता, कारण गोष्टीतला खरा भाग आता कुठे तिला सांगता येत होता: खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना व्यापारी खालचा माल हलका आहे म्हणतो आणि बोलीतला भाव तोडायला बघतो. ‘माय फादर सेज, यू सॉ इट, यू बॉट इट!’ हे वाक्य तिने ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात व्याकरणाचं पुस्तक कुणालाही बोलायला शिकवत नाही. पहिल्या वेळी तिचं सगळं लक्ष शब्दांवर होतं, तिसऱ्या वेळी गोष्टीवर. अस्खलितपणा म्हणतात तो हाच, याहून गूढ त्यात काही नाही.

आपल्याकडे उलट चालतं. आज ‘माझा आवडता सण’, उद्या ‘प्रदूषण’, परवा ‘मोबाइल: शाप की वरदान’. रोज नवा विषय, रोज पहिलीच खेप, त्यामुळे रोज अडखळणं. या पुस्तकात एकच प्रसंग तीनदा आणि तीन निराळ्या माणसांना सांगायला लावला आहे, त्याचा कंटाळा करू नये.

मराठी जिभेच्या दोनतीन खास अडचणींवर लेखिकेने बोट ठेवलं आहे, त्यांतली एक तर मला फारच नेमकी वाटली. ‘पार्सल मिळालं नाही का?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही मिळालं’ म्हणतो. समोरच्याच्या म्हणण्याला होकार. इंग्रजीत मात्र होकार-नकार घडलेल्या गोष्टीला द्यायचा असतो. न मिळालेल्या पार्सलला तिथे ‘नो’च म्हणावं लागतं. कुरिअरवाल्याने ‘यू डिड नॉट रिसीव्ह द पार्सल?’ विचारावं, आपण बाणेदारपणे ‘येस’ म्हणावं, आणि त्याने ‘मिळालं’ अशी नोंद करून मोकळं व्हावं, हे घडू शकतं. दुसरी अडचण आघाताची. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा मान असतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर, बाकीची गिळलेली. ‘फोटोग्राफ’चा जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर. ‘कम्फर्टेबल’ आपण चारी अक्षरं मोकळी करून म्हणतो, इंग्रज माणसं ते ‘कम्फ्टबल’ इतकं आखडतात. परदेशी ग्राहकाला आपलं बोलणं कळत नाही तेव्हा दोष बहुधा इथे असतो, आपल्या ‘ट’ आणि ‘ड’मध्ये नव्हे. म्हणून लंडनचा हेल काढायला जाऊ नये. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून सांगणारे भारतात जेमतेम अडीच लाखांच्या वर होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे जवळपास तेरा कोटी. या देशात इंग्रजी बोलणारा माणूस म्हणजे ती नंतर शिकलेला माणूस.

आता भीतीबद्दल. गौरी शिंदे यांच्या २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली शशी गोडबोले सगळ्यांना आठवते. न्यूयॉर्कच्या कॅफेत काउंटरवरची बाई एकामागून एक प्रश्न फेकते आणि शशी कोलमडते, तो प्रसंग पाहताना थिएटरात कितीतरी बायकांनी डोळे पुसले असतील. पण जरा कोरड्या नजरेने पाहिलं तर त्या काउंटरवर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: काय हवं, केवढं हवं, सोबत काय, इथेच खाणार की नेणार. हा संवाद आधी चार वेळा कुणाशी तरी म्हणून झाला असता तर शशीला तिथे रडू आलं नसतं. तिची खरी जखम मात्र कॅफेतली नव्हतीच, ती पुण्याच्या घरातली होती. नवरा आणि मुलगी तिच्या इंग्रजीला हसत होते. आपल्या समाजात इंग्रजीची चूक ही नुसती चूक राहत नाही, ती माणसाची पायरी दाखवते, निदान तसं समजलं जातं. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचं आवाहन केलं ते ही पायरी चढता यावी म्हणून. ज्या घरात आधीपासून कुणी इंग्रजी बोलतं त्या घरातलं मूल चुकत चुकत शिकतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पहिल्या पिढीतल्या माणसाला चारचौघांत चुकावं लागतं. ‘आत्मविश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांनी हा फरक कधी लक्षात घेतलेला नाही.

म्हणून सरावाला माणूस हवा, आणि न हसणारा हवा. आरशासमोर उभं राहून बोला हा सल्ला मला कधी पटला नाही. आरसा उलट प्रश्न विचारत नाही. कपिल देवच्या जाहिरातीमुळे इंग्रजी बोलायला शिकवणारं रॅपिडेक्सचं पुस्तक घराघरांत गेलं, पण लोकांनी ते मनातल्या मनात वाचलं. आताची मोबाइलवरची बरीचशी ॲपं बोटाने उत्तर दाबायला लावतात आणि शाबासकी देतात, त्याने बोटाला सराव होतो. मोबाइलचा खरा उपयोग या पुस्तकात दाखवला आहे तो ध्वनिमुद्रणाचा. रात्री आपला दिवस दोन मिनिटं इंग्रजीत बोलून ठेवायचा, सकाळी ऐकायचा, आणि तोच दिवस पुन्हा सांगायचा. स्वतःचा आवाज ऐकणं पहिल्यांदा असह्य होतं. चार दिवसांनी आपण त्याकडे परक्यासारखं पाहू लागतो, आणि चुका कुणी न सांगता कानाला टोचतात. जोडीदार मिळाला तर याहून बरं: कामावर जाताना बसमध्ये शेजारी बसणारा सहकारी, शेजारची कॉलेजातली मुलगी, पुण्यात राहणारा भाचा फोनवर. मात्र जोडीदाराशी विषय ठरवून बोलावं. ‘चला, इंग्रजीत गप्पा मारू’ असं म्हटलं की दोघंही ‘हाउ आर यू’नंतर गप्प होतात.

यातून किती दिवसांत काय साधेल, याचा आकडा लेखिकेने दिलेला नाही, हे मला तिच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची हमी देणारे फलक प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडसमोर आहेत. पुस्तकाची एक उणीवही सांगून टाकतो: फोनवरच्या बोलण्याला यात एकच प्रकरण मिळालं आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नसताना बोलणं फार अवघड असतं आणि आज अर्ध्या नोकऱ्या त्यावर चालतात. पुढच्या आवृत्तीत तो भाग वाढवावा.

वाचकाला मी वेगळं काही सांगत नाही, पुढची पानं ते सांगतीलच. शेवटची विनंती आहे ती वाचकाच्या घरच्यांना. हे पुस्तक घेऊन कुणी तुमच्यासमोर बसलं आणि मोडक्या इंग्रजीत आजचा दिवस सांगू लागलं, तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. मध्येच ‘डिड’च्या जागी ‘डन’ सुचवू नका, मोबाइल बाजूला ठेवा, आणि सांगून झाल्यावर त्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारा. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत विचारा, चालेल. पण हसू नका.